पायऱ्या नसलेला भागाकार

शर्टाची एक बाही इस्त्री होऊन सरळ झाली होती, दुसरी अजून चुरगळलेलीच टेबलावरून खाली लोंबत होती, आणि पाढेबाईंचा हात इस्त्री धरून हवेतच थांबला होता. कारण दारात उभी राहून त्यांची नात सांगत होती, "आजी, आमच्या बाई म्हणाल्या, हजेरीला प्रत्येकानं आपापल्या घरच्या भाषेत 'आहे' म्हणायचं. आमच्या वर्गात नऊ तऱ्हेचं 'आहे' निघालं."

"आणि मग शिकवतात कधी?" पाढेबाईंनी विचारलं.

"हेच शिकवणं."

"हजेरी म्हणजे शिकवणं होय? मग मधली सुटी म्हणजे परीक्षा असेल तुमच्याकडे."

नात हसली. नऊ वर्षांची पोर, पाय म्हणून एका जागी ठरायचे नाहीत, त्यामुळे घरात तिला भिंगरी म्हणत. आईबाप दोघं दिवसभर कामावर, तेव्हा ती आजीच्याच हाताखाली वाढलेली. तिनं बोटं मोडत नऊच्या नऊ 'आहे' म्हणून दाखवले. सहाव्याला खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बसलेले आजोबा हसले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली होती, पण ओळखीपाळखीच्या माणसांची घड्याळं ते अजून घरी उघडून बसत, आणि लोक त्यांना अजून घड्याळजीच म्हणत.

"अगं, इस्त्री," ते म्हणाले.

"काय झालं इस्त्रीला?"

"शर्टावर तरी टेकव, नाहीतर खाली तरी ठेव. अधांतरी धरून कुणाचं भलं होणार?"

बाईंनी इस्त्री खाली ठेवली. दुसरी बाही तशीच राहिली.

पाढेबाई हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. सत्तावीस वर्षं त्या एकाच शाळेत चौथीला शिकवत होत्या, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलाला तीसपर्यंत पाढे येत नाहीत असं कधी घडलं नव्हतं. बसथांब्यावर एखादा चांगला मिशाळ माणूस त्यांना बघून अंग चोरून उभा राहायचा. त्या म्हणायच्या, "एकोणीस साते?" तो म्हणायचा, "एकशे तेहेतीस." मगच दोघं एकमेकांची खुशाली विचारायची. एकदा दाढ दुखते म्हणून त्या दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून बसल्या, तर तो जुना विद्यार्थी निघाला, आणि भुलीचं इंजेक्शन देताना आपला हात थरथरू नये म्हणून सतराचा पाढा पुटपुटत राहिला. ही हकिगत बाई स्वतःच सांगायच्या. सांगता सांगता तो पाढा आता तेविसापर्यंत आला होता.

शाळेच्या आसपास कारखाने, गुदामं, लाकडाच्या वखारी. कामामागं माणसं कुठून कुठून येऊन राहिलेली. एकाच इमारतीच्या जिन्यात तळापासून गच्चीपर्यंत पाच भाषांतली भांडणं ऐकू यायची. ती मुलं शाळेत आली की बाई सगळ्यांना सारखं धरायच्या. घरी कुणी काय बोलतं, काय मानतं, कसं मोजतं, हे फाटकाबाहेर. आत आलं की एक भाषा, एक रीत, एक पाढा. यात त्यांचा दुजाभाव तिळभर नव्हता, हे शपथेवर सांगता येईल. नळाखाली भांडी धरावीत तशी मुलं धरायची, पाणी सगळ्यांवर सारखंच. आता एखादं भांडं पालथं असेल तर त्यात काय पडतं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

आणि या वर्षी चौथीची दुसरी तुकडी, म्हणजे भिंगरीची, एका नव्या बाईंकडे आली. वय तिशीच्या आतबाहेर, केस आखूड, चालणं भरभर. दोन्ही वर्ग म्हणजे मूळचा एकच मोठा दिवाणखाना, मध्ये प्लायवूडची भिंत घालून दोन केलेला. त्या भिंतीला आवाज अडवायची सवयच नव्हती. इकडे पाढेबाई फळ्याकडे तोंड करून लिहीत, पण कान पाठीमागच्या प्लायवूडला चिकटलेले. तिकडे हशा पिकला की यांच्या हातातला खडू मोडायचा. तिकडे शांतता झाली की जास्तच वाईट, कारण आता तिथं काय चाललंय तेही कळेना.

देवानं माणसाला बाकीचे दुर्गुण दिले ते बाहेरून येणारे दिले. मत्सर तेवढा घरातल्यासारखा येतो, पाट ओढून बसतो आणि वाढा म्हणतो. पाढेबाईंकडे तो पंगतीला रोज बसू लागला. पूर्वी शाळा सुटली की त्यांच्या वह्यांचा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीपर्यंत कुणी न्यायचा यावरून मुलांची मारामारी व्हायची. आता एके दिवशी त्या गठ्ठा घेऊन जिना उतरत होत्या आणि समोरून नव्या बाईंची पिशवी दोन्ही हातांनी मिरवत भिंगरी चालली होती. स्वतःची नात. आजी दिसल्यावर तिनं हात हलवला, तोही पिशवीसकट.

"कानामागून आली आणि तिखट झाली," बाई त्या दिवशी घरी म्हणाल्या.

"कोण, पोरगी का मिरची?" आजोबांनी विचारलं.

 भाजी त्या रात्री अळणी झाली.

नव्या बाईंची आणखी एक टूम होती. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला कुणा ना कुणा मुलाच्या घरचं माणूस वर्गात यायचं आणि आपल्याला येतं ते एक काहीतरी दाखवायचं. एकीची आई आली, तिनं दोरीला गाठी मारून महिन्याचे दिवस कसे मोजतात ते दाखवलं. एकाचा काका आला, तो बोटीवर काम केलेला, त्यानं आकाशाकडे बघून दिशा कशा सांगतात ते सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत हेडबाई म्हणाल्या, "मुलांच्या घरचे लोक पहिल्यांदाच शाळेत हसत आत आले. एरवी तक्रारीलाच येतात."

"येणारच," पाढेबाई कपात साखर ढवळत म्हणाल्या. "खेळ बघायला कोण येत नाही? परीक्षेत दोरीच्या गाठी आल्या म्हणजे मिळवली."

नव्या बाई हसल्या. त्यांना टोमणा कळला नाही की कळून त्यांनी सोडून दिला, ते पाढेबाईंना ठरवता येईना. साखर केव्हाच विरघळली होती, तरी चमचा फिरत राहिला.

आता सुताराच्या नातीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडलं.

ही मुलगी पाढेबाईंच्या तुकडीत होती. दोन महिन्यांपूर्वी आजोबांबरोबर लांबून आलेली. आईवडील तिकडेच, मागून येणार होते. आजोबा वखारीमागच्या कारखान्यात दारं-खिडक्या करायचे. पोरीला शाळेची भाषा जेमतेम समजायची, बोलायला जीभ उचलायची नाही. शेवटच्या बाकावर, हात मांडीवर. बुधवारी बाईंनी भागाकाराची चाचणी घेतली, दहा गणितं. तपासताना या मुलीच्या वहीशी आल्या आणि थबकल्या. भाजक डाव्या हाताला लिहायचा तो उजवीकडे. उत्तर उजवीकडे यायचं ते भाजकाच्या खाली. मधली वजाबाकी कुठंच नाही, नुसते तीन-चार आकडे एकाखाली एक, मुंग्या चालल्यासारखे. आणि दहाची दहा उत्तरं बरोबर.

बाईंनी तिला टेबलापाशी बोलावलं. "पायऱ्या कुठं आहेत?"

मुलीनं वहीचा कोपरा दुमडला.

"उत्तर काय आभाळातून पडलं? कुणाचं बघितलंस?"

ती म्हणाली, "आजोबांचं."

वर्ग हसला. वर्गात आजोबा कुठून येणार? बाईंना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी लाल शाईनं पानभर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'नक्कल'. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर गोष्ट वेगळी. पण नेमकं त्याच वेळी प्लायवूडपलीकडे टाळ्या वाजल्या. बाईंनी दुसरा कागद ओढला आणि हेडबाईंना लिहिलं, की या मुलीला भागाकाराची पद्धत अजिबात येत नाही, नक्कल करते, तरी तिला तिसरीत बसवावं. शनिवारच्या बैठकीत त्यावर निर्णय व्हायचा होता.

गुरुवारी नव्या बाई त्यांच्याकडे आल्या. "बाई, रागावणार नसाल तर एक विचारू? ती शेवटच्या बाकावरची मुलगी दोन दिवस माझ्याकडे बसली तर चालेल? माझ्या वर्गात तिच्या भाषेची एक मुलगी आहे. काय अडतंय ते कळेल तरी."

वास्तविक यात वावगं काही नव्हतं. पण पाढेबाईंना ऐकू आलं ते असं, की वह्या नेणारे गेले, नात गेली, आता वर्गातलीही मागायला आली.

"माझ्या वर्गातलं माझ्या वर्गात बघीन मी," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे नऊ भाषा आहेत त्या पुरे नाहीत का? दहावी कशाला हवी?"

"पुरे तशा कधीच होत नाहीत," नव्या बाई म्हणाल्या, आणि गेल्या.

त्या संध्याकाळी घरी भिंगरीच्या आजोबांपुढे एक भिंतीवरचं घड्याळ पालथं पडलं होतं. बाईंनी सगळी हकिगत सांगितली, अर्थात आपल्या बाजूनं. घड्याळजी ऐकत होते, चिमट्यात इवलासा स्क्रू धरून.

"ती पोर कुणाशेजारी बसते?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या बाकावर एकच आहे शेजारीण. ती जाड चष्म्याची."

"तिला किती मार्क पडले?"

"दोन."

"दहापैकी?"

"मग काय शंभरपैकी?"

"म्हणजे हिची दहा बरोबर आणि जिची नक्कल केली तिची आठ चूक." त्यांनी स्क्रू बसवला. "फार हुशार नक्कल म्हणायची."

"तुम्हाला शाळेतलं काय कळतंय? तुम्ही घड्याळं उघडा."

"तेच करतोय. काटे उलटे दिसले म्हणून घड्याळ चुकीचं आहे असं आधी म्हणत नाही मी. आधी बघतो, की मी मागून बघतोय का."

बाई उठून आत गेल्या. प्रार्थनेला बसल्या खऱ्या, पण डोळे मिटले की 'नक्कल' ही लाल अक्षरं दिसायची आणि उघडले की भिंगरीची वही दिसायची, त्यावर नव्या बाईंनी काढलेलं छोटंसं फूल. त्यांनी देवाला काय मागितलं ते देव जाणे. बहुधा नव्या बाईंची बदली मागितली असावी.

शुक्रवारी शेवटच्या तासाला प्लायवूडपलीकडे एक जड, घोगरा आवाज आला. शब्द तुटक, पण दमदार. पाढेबाईंनी मुलांना शुद्धलेखन दिलं आणि ऐकत राहिल्या. मग त्यांना वाटलं, आपल्याकडचा खडू संपला आहे. खोक्यात सात कांड्या होत्या. तरी त्या खडू मागायला निघाल्या आणि शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

फळ्यापाशी सुतार उभे होते, त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीचे आजोबा; नव्या बाईंनी आपल्या वर्गातल्या त्यांच्या भाषेच्या मुलीकडून त्यांना बोलावणं धाडलं होतं. कामावरून तसेच आलेले, भुवयांवर भुसा, कानामागं चपटी पेन्सिल. त्यांच्याबरोबर एक लांब फळी होती, भिंतीलगत आडवी ठेवलेली. नव्या बाई मुलांमध्ये एका बाकावर बसल्या होत्या, विद्यार्थिनीसारख्या.

"फळी चारशे बत्तीस," सुतार म्हणाले. "सेंटीमीटर. मला पट्ट्या पाहिजे अठरा-अठराच्या. किती होणार?"

भिंगरीनं वहीत मांडायला सुरुवात केली. आजीनं शिकवलेली रीत, पोरीला पाठ. सुतारांनी खडू घेतला. चारशे बत्तीस लिहिले, त्यापुढं उभी रेघ ओढली, रेघेच्या उजवीकडे अठरा. अठराच्या खाली आडवी रेघ.

"अठरा दुणे छत्तीस," मुलं ओरडली.

"हां. त्रेचाळीसमधून छत्तीस गेले. इथं," त्यांनी कपाळावर टिचकी मारली, "लिहायचं नाही. उरले सात, ते फक्त लिहायचे. पुढचा दोन खाली घेतला. बहात्तर."

"अठरा चोक बहात्तर."

"संपलं. शून्य." अठराच्या खाली चोवीस. सगळं मिळून फळ्याचा तळहाताएवढा कोपरा भरला होता. "मी फळीवर लिहितो. फळीवर पानभर गणित करून कसं चालेल? त्यावरच मग रंग द्यायचा असतो. माझ्या गावच्या शाळेत हीच रीत. सगळी पोरं हेच करतात."

भिंगरीची वजाबाकी अजून चालली होती. तिनं मान वर करून बघितलं. "अरे वा, हे तर लगेच झालं."

पाढेबाई दाराच्या चौकटीवर बोटानं तेच मांडून बघत होत्या. ती रीत देखणी होती. सत्तावीस वर्षं त्या भागाकार शिकवत होत्या, आयुष्यात गणितावाचून दुसरं प्रेम त्यांनी फारसं केलं नव्हतं, आणि जगात भागाकाराची दुसरी चांगली रीत आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि ती उलगडली तीही कुठं, तर पलीकडच्या वर्गात.

"माझ्या नातीला मीच शिकवलं," सुतार नव्या बाईंना सांगत होते. "तिच्या बाई म्हणतात, चोरी. आता मुलगी गणितच करत नाही. मला म्हणते, आजोबा, तुमची रीत चोराची आहे का? मी काय सांगू?"

सगळा वर्ग दाराकडे बघू लागला, कारण मुलांना बाई केव्हाच दिसल्या होत्या. भिंगरीनं आजीकडे बघितलं आणि नजर खाली वहीत घातली. ती नजर आजीला पट्टीच्या शंभर फटक्यांपेक्षा जास्त लागली. सुतार वळले. त्यांना या कोण हे ठाऊक नव्हतं, त्यांनी अदबीनं मान लववली.

नव्या बाई उठून पुढे आल्या. कुणी म्हणेल, आता त्यांनी डाव साधला असेल. त्या सुतारांना म्हणाल्या, "मलाही ही रीत आजच कळली. ती मुलगी माझ्या वर्गात असती तर मीही तिला चूकच दिली असती." मग पाढेबाईंकडे वळून, हळू, "बाई, काही हवं होतं?"

"खडू," पाढेबाई म्हणाल्या.

त्यांना दोन कांड्या मिळाल्या. त्या घेऊन परत येताना त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच, की ही बाई मोठेपणातही आपल्या पुढं निघाली. वाईट वागली असती तर किती सोयीचं झालं असतं.

घरी आल्यावर त्या खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या. भिंगरी आईची वाट बघत बाहेरच्या पायरीवर होती, आजीजवळ आली नव्हती. घड्याळजींनी चहा केला. त्यांना चहा येत नाही, तरी केला.

"बोल," ते म्हणाले.

"नक्कल नव्हती ती."

"हं."

"तिच्या आजोबांची रीत आहे. माझ्यापेक्षा आखूड आहे."

"मग झालं. उद्या सांग हेडबाईंना."

"सांगितलं म्हणजे काय होईल ठाऊक आहे? उद्यापासून सगळी शाळा म्हणेल, बघा, नव्या बाई म्हणत होत्या तेच खरं. घरच्या रीती वर्गात आणायला हव्यात. सत्तावीस वर्षं मी काय माशा मारल्या?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ती तिसरीत जाईल." बाईंनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "एका वर्षानं काय बिघडतं."

घड्याळजींनी आपला कपही बाजूला सारला. मग म्हणाले, "तुझी आई अंडी कशी मोजायची गं?"

बाईंनी एकदम वर बघितलं.

"मी ऐकलंय ना," ते म्हणाले. "लग्नाच्या आधी तुमच्या घरी यायचो तेव्हा. विसा-विसानं मोजायची. तीन विसा आणि पाच. चार विसा आणि सात. कधी चुकली नाही."

पाढेबाईंच्या आईचा अंड्यांचा धंदा होता, आणि पहिलीत गेल्यावर मास्तरांनी टोपलीतल्या गोट्या मोजायला सांगितल्या तेव्हा छोट्या पाढेबाईंनी मोठ्या दिमाखात सांगितलं होतं, तीन विसा आणि पाच. मास्तरांनी हात पुढं करायला लावला. पट्टी बसली ती पासष्ट म्हणेपर्यंत बसली. वर्ग हसला. त्या दिवसानंतर त्यांनी आईसमोर मोजणं सोडलं आणि पाढे असे घोकले, असे घोकले, की पुन्हा कुणाची पट्टी त्यांच्या हातापर्यंत पोचली नाही. आईला वाटायचं, पोरगी शिकली. ती पुढं लेकीसमोर अंडी मोजायलाही लाजायची, पाठ वळवून मोजायची.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला आत्ता सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांना आपला मत्सर कुठं मुरलाय ते कळलं. नव्या बाईंचा हेवा होताच, नाही असं नाही. पण त्याच्या खाली दुसरा होता, जुना आणि काळा. हेवा त्या पोरांचाच होता. ज्यांच्या आया वर्गात येऊन गाठी मोजून दाखवतात आणि कुणी हसत नाही, त्यांचा. माझी आई का नाही आली अशी फळ्यापाशी? कुणी बोलावलंच नाही. मग यांना का मिळावं?

"मला मिळालं नाही म्हणून मी त्या पोरीलाही देत नाहीये," त्या म्हणाल्या. "अहो, इतकी मी वाईट आहे?"

"वाईट नाहीस," घड्याळजी म्हणाले. "चहा वाईट आहे. राहू दे तो."

शनिवारी अर्धा दिवस शाळा. बैठकीच्या आधीच पाढेबाई हेडबाईंच्या खोलीत गेल्या.

"माझा तो कागद परत द्या," त्या म्हणाल्या. "मुलगी चौथीतच राहील. भागाकार तिला उत्तम येतो. वेगळ्या रीतीनं येतो."

हेडबाईंनी फायलीतून कागद काढला. "तुम्हाला कसं कळलं?"

आता इथं खरी परीक्षा होती, आणि देव परीक्षा घेतो तो वेळापत्रक लावून घेत नाही. 'मी वही पुन्हा तपासली' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं, आणि ते सपशेल खोटंही नव्हतं. सकाळी उठून त्यांनी दहाही गणितं सुतारांच्या रीतीनं करून बघितली होती. 

"शेजारच्या वर्गात कळलं," त्या म्हणाल्या. "नव्या बाईंच्या तासाला. मी दारात उभी होते."

शब्द घशातून काटा निघावा तसे निघाले. हेडबाई हसतील असं वाटलं होतं, त्या हसल्या नाहीत. कागद त्यांनी पाढेबाईंच्या हातात दिला. बाईंनी तो तिथंच चार तुकडे करून टोपलीत टाकला.

वर्गात आल्यावर त्यांनी सुताराच्या नातीला फळ्यापाशी बोलावलं. मुलगी आली, हात पाठीमागं धरून. बाईंनी तिला भागाकार घातला, सहाशे पंचवीस भागिले पंचवीस. मुलीनं भाजक डावीकडे लिहिला, बाईंच्या रीतीनं, आणि एकेक पायरी रखडत उतरवायला लागली. वजाबाकीत चुकली. पुसलं. पुन्हा चुकली.

"तशी नको," बाई म्हणाल्या. "आजोबांसारखी कर."

मुलीनं मान हलवली. नाही. तिला वाटलं असेल, हा सापळा आहे. एकदा लाल रेघ बसलेलं माणूस दुसऱ्यांदा सहजासहजी हात पुढं करत नाही, हे पाढेबाईंइतकं कुणाला ठाऊक असणार?

मग बाईंनी तिची वही उघडली, 'नक्कल' लिहिलेलं पान सगळ्या वर्गासमोर वर धरलं. "हे मी चूक लिहिलंय," त्या म्हणाल्या. "हिची दहाची दहा बरोबर आहेत. ही हिच्या गावची रीत आहे, मला माहीत नव्हती." लाल शब्दावर काट मारून त्यांनी बाजूला दहापैकी दहा लिहिले. बाईंची चूक हा प्रकार वर्गात कुणी पाहिलेला नव्हता. जाड चष्म्याच्या मुलीनं तर चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर स्वतः मांडलं. सहाशे पंचवीस, उभी रेघ, उजवीकडे पंचवीस. "पंचवीस दुणे पन्नास. बासष्टमधून पन्नास गेले, उरले बारा." सवयीनं त्यांचा हात पन्नास लिहायला गेला.

मुलीनं पाठीमागचा हात काढला आणि कपाळावर टिचकी मारली. हुबेहूब आजोबांसारखी.

"इथं?" बाईंनी विचारलं.

"इथं," ती म्हणाली.

वर्ग हसला, आणि या खेपेला ती मुलगीही हसली. पुढचा पाच तिनंच खाली घेतला, एकशे पंचवीस केले, शून्य आणलं आणि उत्तर लिहिलं. मग चष्मेवाली म्हणाली, "बाई, मला हीच सोपी वाटते. मी हीच करू?" एक जण म्हणाला, त्याची आजी गुणाकार जाळीसारख्या चौकटी काढून करते, तो दाखवू का? बाई म्हणाल्या, दाखव, पण आधी पाढा म्हण. पाढा सोडायचा असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.

मधल्या सुटीत जिन्यात भिंगरी भेटली. तिच्या हातात आज कुणाचीच पिशवी नव्हती. "आजी," ती म्हणाली, "सुतार आजोबांना पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोलवायचं ठरलंय आमच्याकडे. बाई म्हणाल्या, त्यांना फळीवरून कोन काढायला शिकवायला सांगू. आज संध्याकाळी त्या बोलवायला जाणार आहेत."

पाढेबाईंच्या छातीत ओळखीचा चटका बसला. इतक्या लवकर तो जाईल असं त्यांनीही मानलं नव्हतं. त्यांच्याच वर्गातल्या मुलीचे आजोबा, आणि दुसऱ्यांदाही पलीकडेच?

"संध्याकाळी म्हणजे किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"पाच."

बाईंनी घड्याळ बघितलं. शाळा साडेबाराला सुटणार होती. घरी जाऊन जेवायच्या आधी त्यांना वखारीमागच्या कारखान्यात जायचं होतं, सुतारांना आपल्या वर्गात सोमवारीच या म्हणून सांगायला.